पाचोळ्यातल्या जिवांची नावं

शेतकऱ्याला बुरशीची नावं शिकवावी लागत नाहीत. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघाली की ती काणी. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला की चाबूक काणी. गव्हाच्या पानावर विटकरी पूड उठली की तांबेरा, द्राक्षाच्या घडावर राखाडी थर चढला की भुरी, हरभऱ्याचं झाड उभ्या उभ्या वाळलं की मर. पावसाळ्यात कोकणात वारुळावरची अळंबी आणि गोव्यात रोयणीवरची अळमी बाजारात येते, तिचंही नाव ठरलेलं. बाकीच्या सगळ्या छत्र्यांना ‘कुत्र्याची छत्री’ हे एकच नाव पुरतं.

जी बुरशी पीक नेते तिला नाव, जी ताटात येते तिला नाव. उरलेल्यांशी आपलं देणंघेणं नाही, म्हणून त्या बिननावाच्या. पण उरलेल्या म्हणजे किती? आजवर जगभरात सुमारे दीड लाख कवक-प्रजातींचं रीतसर वर्णन झालं आहे. डेव्हिड हॉक्सवर्थ या ब्रिटिश कवकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये एक सरळ हिशेब मांडला. ब्रिटनमध्ये वनस्पतींची आणि बुरशींची मोजदाद पिढ्यान् पिढ्या बारकाईने झालेली आहे. तिथे वनस्पतीच्या एका प्रजातीमागे बुरशीच्या साधारण सहा प्रजाती भरतात. हेच प्रमाण जगाला लावलं तर आकडा १५ लाखांवर जातो. २०१७ मध्ये त्यांनी रॉबर्ट ल्यूकिंग यांच्यासह हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा तो २२ ते ३८ लाखांवर गेला. वर्षाला दोन-अडीच हजार नव्या प्रजातींची भर पडते. या गतीने त्यातला खालचा आकडा गाठायलासुद्धा आठशे ते हजार वर्षं लागतील.

हे पुस्तक त्या बिननावाच्या जिवांविषयी आहे आणि त्यांना एकेक करून शोधून नाव देणाऱ्या माणसांविषयी आहे. प्रस्तावनेत मला एकाच मुद्द्यावर जोर द्यायचा आहे. शोध आधी लागतो आणि नावाची चिठ्ठी मागाहून चिकटवली जाते, असा समज शिकल्यासवरलेल्या माणसांतही आढळतो. कवकशास्त्रात नाव हाच शोध असतो. हा जीव आजवर नोंदलेल्या प्रत्येक जिवाहून वेगळा आहे, असं ते जाहीर विधान असतं, आणि ते खोटं ठरवायचं झाल्यास कुठला पुरावा कुठे जाऊन तपासायचा हेही त्यातच लिहिलेलं असतं. हे एवढं ध्यानात आलं तर पुढची प्रकरणं वाचताना या कामाला इतका वेळ का लागतो, आणि एका बीजाणूच्या देठावरून दोन शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं का भांडतात, हे कळेल.

सह्याद्रीतल्या पाचोळ्यावर हे काम कसं चालतं ते आधी सांगायला हवं, कारण छत्रीसारख्या ठळक अळंब्या हा या जगाचा अगदी लहान भाग आहे. बहुतेक प्रजाती नुसत्या डोळ्यांना काळपट डाग किंवा मखमलीसारखी लव एवढ्याच दिसतात. पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता जंगलात जायचं. अर्धवट कुजलेली पानं, सालीचे तुकडे, काटक्या, वाळलेल्या बांबूच्या कांड्या गोळा करायच्या. पान कुठल्या झाडाचं ते जागेवरच लिहायचं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जांभळाचं कुजकं पान आणि अंजनीचं कुजकं पान सारखीच दिसू लागतात. मग पानं नळाखाली हलक्या हाताने धुवायची आणि काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर पसरून झाकून ठेवायची. रोज उघडून बघायचं. दोन-तीन दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, पानाच्या शिरेवर काळे केस उभे राहिलेले भिंगातून दिसतात. प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्याचा चकाकता थेंब, आणि त्या थेंबात बीजाणू.

आता हाताची कसोटी. दाभणाहून कितीतरी बारीक अशा सुईने तो केस मुळासकट उचलायचा, काचपट्टीवर लॅक्टोफिनॉलच्या थेंबात ठेवायचा, वर पातळ काच अलगद टेकवायची. हवेचा बुडबुडा आत गेला तर सगळं पुन्हा. जमलं तर काचेच्या कडा नेलपॉलिशने बंद करायच्या. दुकानात मिळणारं साधं, बिनरंगी नेलपॉलिश या कामाला चांगलं चालतं. दुसरीकडे एकच बीजाणू वेगळा काढून अगारवर ठेवायचा, त्याला कोंब फुटला की तो नव्या बशीत हलवायचा आणि शुद्ध वाण वाढवायचं. एका बीजाणूपासून सुरुवात केल्याशिवाय बशीत नेमकं कोण वाढलं आहे याची खात्री देता येत नाही. पाचोळ्यात शेजारी शेजारी डझनभर बुरश्या नांदत असतात, आणि त्यातली सगळ्यात उतावळी बुरशी बाकीच्यांना झाकून टाकते.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा भरतो, कधी त्याहूनही लहान. त्याची लांबी-रुंदी एकदा मोजून भागत नाही. निदान तीसेक बीजाणू मोजून कमीत कमी आणि जास्तीत जास्त मापं लिहितात. पेशी किती, भिंत गुळगुळीत की खरखरीत, रंग कुठल्या पेशीत गडद, टोकाला शेपूट आहे का, हे सगळं टिपायचं. पण बीजाणूच्या रूपावर फार विसंबून चालत नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या साकार्डोंनी बीजाणूचा आकार, रंग आणि पडदे यांवर अशी वर्गवारी बसवली की तिने पुढे कित्येक दशकं राज्य केलं, आणि एकमेकांशी नातं नसलेल्या बुरश्या एकाच कप्प्यात जाऊन बसल्या. १९५३ मध्ये स्टॅन्ली ह्यूज यांनी कॅनडातून एक निबंध लिहून प्रश्नच बदलला. बीजाणू कसा दिसतो यापेक्षा तो कसा जन्मतो ते पाहा, असं त्यांचं म्हणणं. देठाच्या टोकाला फुगा येऊन सुटतो का, आतून बाहेर ढकलला जातो का, देठाला एकामागून एक कडी उमटत जातात का? तेव्हापासून कवकशास्त्रज्ञ बीजाणू सुटून गेल्यावर देठावर मागे राहिलेल्या व्रणाकडे तितक्याच लक्षाने बघतात.

या नव्या दृष्टीला भारतातून सर्वांत भक्कम हात मिळाला तो मद्रास विद्यापीठातल्या सी. व्ही. सुब्रमणियन यांचा. १९७१ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘हायफोमायसीट्स’ हा ग्रंथ भारतातल्या अशा, उघड्या देठांवर बीजाणू धरणाऱ्या बुरश्यांच्या नोंदी एकत्र आणणारा. १९७३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने मायकॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, आणि तिच्या नियतकालिकाचं नाव ठेवलं गेलं ‘कवक’. मला मात्र त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो तो त्यांनी वंशांना दिलेल्या नावांमुळे. लॅटिन व्याकरणात बसतील अशा बेताने त्यांनी संस्कृत शब्द वापरले: कुटिलकेशा, द्वयबीजा, अंगुलिमाया, आणि त्यांच्याच शिष्यपरंपरेतल्या डी. जे. भट यांच्यासह बहुसूत्रबीजा. मराठी वाचकाला यातल्या एकाही नावासाठी कोश उघडावा लागणार नाही. द्वयबीजाला खरोखरच दोन तऱ्हांचे बीजाणू असतात. कुटिलकेशाला वळलेले केस असतात. वर्णन आणि नाव एकाच शब्दात बसवणं ही कला आहे, आणि ती साधायला आधी जीव फार वेळ निरखलेला असावा लागतो.

तरीही नाव सुंदर आहे म्हणून ते टिकत नाही. कुटिलकेशा आज सार्कोपोडियम या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नावात विरून गेली आहे, कारण दोन्ही एकच वंश असल्याचं दिसून आलं आणि आधी दिलेलं नाव नंतरच्याला मागे सारतं. याउलट गोव्यातल्या संशोधकांनी २००५ मध्ये बांबूवरच्या एका बुरशीला ‘वंशप्रिया’ म्हटलं. त्याच वंशातल्या आणखी प्रजाती पुढे थायलंडमध्ये सापडल्या, आणि २०२१ मध्ये तर वंशप्रियेच्या नावाने अख्खं कुल मांडलं गेलं. दोन्ही नावं सारख्याच निष्ठेने दिलेली होती. एकाचं विधान पुराव्यापुढे टिकलं नाही, दुसऱ्याचं नव्या पुराव्याने रुंदावलं. याला अपयश आणि यश म्हणावं असं मला वाटत नाही. कुटिलकेशेचं नाव मागे पडलं तरी सुब्रमणियन यांनी केलेलं वर्णन आणि काढलेली चित्रं आजही तितकीच उपयोगी आहेत.

नियमांविषयी थोडक्यात. शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. २०११ अखेरपर्यंत तिच्यानुसार नव्या प्रजातीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक नव्या कवक-नावाची मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीत आधी नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. मेलबर्नमधल्या २०११ च्या परिषदेने आणखी एक जुनी सोय बंद केली. एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक रूपांना दोन वेगळी नावं द्यायची मुभा त्यापूर्वी होती, आणि त्यामुळे एकच जीव दोन नावांनी दोन ग्रंथांत राहत होता. आता एका बुरशीला एकच नाव.

या सगळ्या नियमांत सर्वांत महत्त्वाचा नियम मूळ नमुन्याचा. नाव कागदावरच्या वर्णनाला बांधलेलं नसतं, ते एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं: वाळवलेलं पान, त्यावरची बुरशी, तिचं पाकीट, पाकिटाचा क्रमांक आणि ते जिथे जपून ठेवलं आहे त्या संस्थेचं नाव. वर्णन चुकीचं निघेल, चित्र ओबडधोबड असेल. नमुना शाबूत असेल तर शंभर वर्षांनी कुणीही तो उघडून मूळ लेखकाने काय पाहिलं होतं ते पाहू शकतो. जिवंत वाण मूळ नमुना म्हणून चालत नाही, कारण ते बदलत राहतं. वाढ पूर्ण थांबवलेल्या अवस्थेत गोठवलं किंवा सुकवलं असेल तरच चालतं. आणि नावापुढे लेखकांची नावं लिहायची पद्धत म्हणजे थेट सातबाऱ्यावरचा फेरफार: ज्याने प्रजाती प्रथम मांडली तो कंसात, ज्याने ती दुसऱ्या वंशात हलवली तो कंसाबाहेर. जुना मालक खोडला जात नाही.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर देण्यासारखं आहे, कारण त्यात नावावर धान्याचा व्यापार अडला होता. १९३१ मध्ये मनोरंजन मित्रा यांनी कर्नालच्या गव्हावरच्या एका काणीचं वर्णन केलं. दाण्याचा काही भाग काळा पडतो, चुरडला की सडक्या माशाचा वास येतो. मित्रांनी नाव दिलं टिलेशिया इंडिका. काणींचे जाणकार बी. बी. मुंडकुर यांनी पुढे ती निओव्होसिया वंशात हलवली, म्हणून जुन्या भारतीय पुस्तकांत ती ‘निओव्होसिया इंडिका (मित्रा) मुंडकुर’ अशी भेटते. आज ती पुन्हा टिलेशियात आहे. रोगाचं जगभर चाललेलं नाव कर्नाल बंट. अनेक देश या रोगाच्या भीतीने गव्हाची आयात रोखतात. १९९६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनात तो सापडला आणि तिथे एकदम धावपळ सुरू झाली. देशभरचा गहू तपासताना आग्नेय भागातल्या गव्हाच्या नमुन्यांत तसेच काटेरी, गडद बीजाणू मिळाले. पण त्या शेतांत काळा पडलेला एक दाणाही दिसेना. तपास लांबला. अखेर उलगडलं ते असं की बीजाणू गव्हावरचे नव्हतेच. गव्हात तण म्हणून वाढणाऱ्या रायगवतावर दुसरीच एक काणी होती आणि तिचे बीजाणू धान्यात मिसळत होते. १९९९ मध्ये तिला टिलेशिया वॉकेरी हे वेगळं नाव मिळालं. दोहोंतला फरक बीजाणूच्या आकारमानात आणि त्यावरच्या काट्यांच्या ठेवणीत, म्हणजे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून मोजल्याशिवाय न दिसणारा. तो फरक नावानिशी मांडला जाईपर्यंत त्या भागातला निरोगी गहू रोगट असल्याच्या संशयाखाली होता.

त्याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या मेन विद्यापीठातल्या जॉइस लाँगकोर यांनी दोन पशुरोगतज्ज्ञांसह बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे नाव प्रसिद्ध केलं. कायट्रिड हा पाण्यात आणि ओल्या मातीत राहणारा, लोकांच्या खिजगणतीत नसलेला बुरशीचा गट. लाँगकोर यांनी त्याचाच अभ्यास वर्षानुवर्षं चालवला होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या बेडकाच्या कातडीत जे गोल देह दिसत होते ते कायट्रिडचे आहेत हे ओळखून, ते शुद्ध वाढवून, नाव देता आलं ते या अभ्यासामुळे. २०१९ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार या गटातल्या बुरश्यांमुळे होणाऱ्या रोगाने निदान ५०१ उभयचर प्रजातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या असाव्यात. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही या बुरशीची नोंद आहे. ‘असल्या निरुपयोगी बुरशीचा अभ्यास कशाला’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना घरी आणि मुलाखतीत नेहमी ऐकावा लागतो. लाँगकोर यांचं काम त्यांनी समोर ठेवावं.

डीएनएने हे क्षेत्र उलथंपालथं केलं, हे खरंच आहे. २०१२ मध्ये आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरशीच्या ओळखीची खूण म्हणून स्वीकारला जावा असा रीतसर प्रस्ताव आला, आणि आज त्याच्याशिवाय नवी प्रजाती मांडायला क्वचितच कुणी धजावतो. मूठभर मातीतून डीएनए काढला की शेकडो अनोळखी अनुक्रम मिळतात. त्यांचे धनी कुणी पाहिलेले नसतात. मग नमुन्याऐवजी नुसत्या अनुक्रमालाच नाव का देऊ नये, असा आग्रह सुरू झाला. २०१८ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या सॅन हुआन इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत हा प्रस्ताव मान्य झाला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. घाईची गरज मलाही कळते, पण अनुक्रम वाचणाऱ्या यंत्राची चूक पकडायला पुन्हा जिवाकडेच जावं लागतं, आणि जीव जपलेलाच नसेल तर नावाच्या विधानाला उलटतपासणी उरत नाही.

जीव जपण्याचं काम महाराष्ट्रात कुठे चालतं, हे पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसतं. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवून परतलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या कवकसंग्रहाला पुण्यातले आद्य वनस्पतिरोगतज्ज्ञ एस. एल. आजरेकर यांचं नाव आहे. निबंधात नव्या प्रजातीखाली ‘एएमएच’ अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक दिसला की मूळ नमुना त्या कपाटात आहे असं समजावं. आजरेकरांच्या नावाने एक वंशही आहे, १९६४ मध्ये कामत आणि कलानी यांनी मांडलेला आजरेकरेला. शेजारीच राष्ट्रीय कवक वाणसंग्रह आहे, तिथे जिवंत वाणं सुकवून आणि गोठवून ठेवलेली असतात. १९७१ मध्ये कामत, पटवर्धन, राव आणि साठे यांनी राहुरीच्या कृषी विद्यापीठातर्फे ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ ही यादी काढली, तिच्या मागेही असे जपलेले नमुनेच उभे होते. आणि २०१३ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी ताम्हिणी घाटातल्या एका बुरशीसाठी नवा वंश मांडला: ताम्हिणीस्पोरा. पावसाळी सहलीच्या गर्दीने रस्ता तुंबतो तोच हा घाट.

असं असूनही वर्गीकरणाला आयुष्य देणारी तरुण माणसं कमी होत चालली आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. एक वंश नीट समजायला दहा वर्षं लागतात आणि संशोधनाचं मूल्यमापन दर वर्षी निबंध मोजून होतं. जुना नमुना लंडनच्या क्यू उद्यानातून मागवून तपासण्यात गेलेले महिने कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. बटलर आणि बिस्बी यांचा ‘द फंगाय ऑफ इंडिया’ १९३१ मध्ये निघाला, त्यातल्या कितीतरी प्रजातींकडे डीएनएच्या नजरेने पुन्हा पाहायचं बाकी आहे. ज्यांना त्या प्रजाती नजरेने ओळखता येतात ते निवृत्त होण्याआधी हे व्हायला हवं. त्यांच्या हाताला जे कळतं ते निबंधात पूर्ण उतरत नाही.

या पुस्तकातली प्रकरणं त्या हातांजवळ नेणारी आहेत. वाचून कुणाला स्वतः बघावंसं वाटलं तर पाचोळा सगळ्यांच्या अंगणात आहे. सह्याद्रीतल्या ओढ्याला पहिल्या पावसानंतर फेस धरतो, तोही काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा: १९४२ मध्ये इंग्लंडच्या इंगोल्ड यांनी ओढ्यातल्या कुजक्या पानांवर ज्या पाणबुरशींचं वर्णन केलं, तशांचे चार फाट्यांचे बीजाणू त्यात अडकलेले मिळतात. या पुस्तकातल्या चित्रांवरून ओळख पटवून अळंबी खाण्याचं धाडस मात्र कुणीही करू नये. विषारी आणि खाण्याजोग्या प्रजातींत कधी कधी इतका थोडा फरक असतो की तो चित्रात येत नाही.

आणि एखादी बुरशी तज्ज्ञाला पाठवायची झाली तर ती कागदाच्या पाकिटात, सावलीत वाळवून पाठवावी. पाकिटावर तारीख, गाव, साधारण उंची, ती कुठल्या झाडाच्या कुठल्या भागावर होती ते, आणि ओली असतानाचा रंग लिहावा. वाळल्यावर तो उडून जातो. ताजी असताना काढलेला फोटो सोबत असेल तर फारच बरं. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस घामेजलेली बुरशी कितीही दुर्मीळ असली तरी तिच्यावर तोवर दुसरीच बुरशी चढलेली असते.